वाचक विचारतात : पेट्रोलवर चालणारे वेल्डिंग जनरेटर

गळीत हंगाम जवळ आला की सांगली-सातारा भागातून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ट्रॉल्या, दांड्या आणि वेल्डिंगकडे वळतो. या वेळी त्यांतली बरीच पत्रे एकाच यंत्राविषयी आहेत. पेट्रोल इंजिन, वीज निर्माण करणारा अल्टरनेटर आणि वेल्डिंगचा प्रवाह देणारी जोडणी एकाच सांगाड्यात बसवलेले हे यंत्र, जिथे विजेची तार पोहोचत नाही तिथे मोठी सोय करते, यात शंका नाही. पत्रे वाचताना मात्र एक गोष्ट सारखी जाणवली. वेल्डिंग करणारे ठिणगीला जपतात, कारण ठिणगी दिसते. इंजिनाचा धूर, पेट्रोलची वाफ आणि ओल्या हातमोज्यातून शिरणारा प्रवाह दिसत नाही, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. त्यामुळे उत्तरांचा भर या न दिसणाऱ्या धोक्यांवर ठेवला आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : आमची तासगाव तालुक्यात बेदाण्याची शेड आहे. गेल्या हंगामात रॅकचे अँगल जोडण्यासाठी वेल्डिंगवाल्यांना बोलावले होते. काम चालू असताना अवकाळी पाऊस आला, म्हणून त्यांनी जनरेटर शेडच्या आत घेतला आणि माल भिजू नये म्हणून आम्ही चारही बाजूंचे प्लॅस्टिकचे कागद खाली सोडले. तासाभरात कामावरच्या दोन महिलांचे डोके दुखू लागले आणि एकीला उलटी झाली. उन्हाचा त्रास असेल असे समजून त्यांना घरी पाठवले. संध्याकाळपर्यंत दोघी बऱ्या झाल्या. हा वेल्डिंगच्या धुराचा परिणाम होता का?

उत्तर : आपण केलेल्या वर्णनावरून त्या दोघींना वेल्डिंगच्या नव्हे, तर इंजिनाच्या धुराची बाधा झाली असण्याची शक्यता अधिक दिसते, आणि त्या संध्याकाळपर्यंत बऱ्या झाल्या हे दैवच म्हणावे लागेल. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि तो डोळ्यांना किंवा घशाला झोंबतही नाही. धुराचा जो वास आपल्याला येतो तो त्यातील इतर घटकांचा असतो, त्यामुळे वास कमी झाला म्हणजे हवा शुद्ध झाली असे मानता येत नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूच्या तुलनेत या वायूला दोनशेपटींहून अधिक घट्ट धरून ठेवते, म्हणून श्वास नीट चालू असतानाही शरीर आतून गुदमरत जाते. आधी डोके जड होते, मग मळमळते, चक्कर येते, पायांतले बळ जाते, आणि आपल्याला काय होत आहे हे उमगून बाहेर पडण्याची बुद्धी होईपर्यंत माणूस बेशुद्ध पडलेला असतो.

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून सांगतो. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे १,२०० भाग झाले, तर ती हवा जिवाला तत्काळ धोकादायक समजली जाते. लहान पेट्रोल इंजिनाच्या धुरात त्याचे प्रमाण काही टक्क्यांत असते, आणि एक टक्का म्हणजेच दहा लाखांत दहा हजार भाग होतात. कागद सोडलेल्या शेडमध्ये असे इंजिन तासभर चालले तर काय होऊ शकते, याचा अंदाज आपणच करावा. एक बाजू उघडी ठेवली किंवा पंखा लावला तर चालेल, असे अनेकजण म्हणतात. ते खरे नाही. यंत्र उघड्यावरच हवे, दारे-खिडक्यांपासून निदान सहा मीटर दूर हवे आणि सायलेन्सरचे तोंड माणसांच्या व इमारतीच्या विरुद्ध दिशेला हवे. वारा फिरला तर यंत्रही फिरवावे. अंतर वाढवायचे असेल तर वेल्डिंगची केबल लांब घ्यावी, परंतु लांबीच्या हिशोबाने ती जाडही घ्यावी, आणि वापरताना तिचे वेटोळे तसेच न ठेवता पूर्ण उलगडून टाकावी, कारण वेटोळ्यात केबल तापते.

मग पाऊस आला तर करायचे काय? काम थांबवायचे. यंत्र बंद करून झाकायचे; चालू यंत्रावर ताडपत्री टाकणे हा पर्याय नव्हे. अवकाळी पावसात बेदाणा वाचवण्याची घाई किती असते, हे या भागात राहणाऱ्याला सांगायला नको, पण रॅकचा अँगल दुसऱ्या दिवशी जोडला तरी चालतो.

अशी बाधा पुन्हा कोणाला झालीच, तर आधी सर्वांना उघड्या हवेत आणावे, इंजिन बंद करावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. करोनाच्या साथीनंतर घरोघरी आलेल्या पल्स ऑक्सिमीटरवर येथे मुळीच विसंबू नये. ते साधन कार्बन मोनॉक्साइडने भरलेले हिमोग्लोबिन आणि प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन यांत फरक करू शकत नाही, त्यामुळे माणूस अत्यवस्थ असतानाही ते ९८ किंवा ९९ आकडा दाखवू शकते. डॉक्टरांना ‘बंद जागेत पेट्रोल इंजिन चालू होते’ हे आपणहून सांगावे. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरायला चार ते पाच तास लागतात. मास्कमधून शुद्ध प्राणवायू दिला तर तोच अवधी तास-दीड तासावर येतो. म्हणून ‘घरी जाऊन पडा, बरे वाटेल’ हा सल्ला चुकीचा होता, विशेषतः कामावर एखादी गरोदर स्त्री असेल तर तो फारच घातक ठरला असता.

जाता जाता आणखी एक. बेदाण्याला धुरी देण्यासाठी आणलेले गंधक त्याच शेडमध्ये ठेवलेले असते, आणि शेडनेट व प्लॅस्टिकचा कागद हेही ठिणगीने चटकन पेटतात. वेल्डिंगच्या आधी गंधकाची पोती शेडबाहेर दूर नेऊन ठेवावीत.

प्रश्न : मी कोरेगाव तालुक्यात फॅब्रिकेशनचा व्यवसाय करतो. हंगामात उसाच्या ट्रॉलीची दांडी तुटली किंवा चेसिसला तडा गेला की मालक फडातूनच फोन करतात, आणि भरलेली ट्रॉली हलवता येत नसल्याने मी पिकअपमध्ये जनरेटर घालून तिथे जातो. आजूबाजूला पाचट असते. आजवर काही झाले नाही, पण मनात धाकधूक असते. नेमकी काय काळजी घ्यावी?

उत्तर : आपली धाकधूक योग्य आहे. वाळलेले पाचट, दुपारचा वारा आणि उभा ऊस हे तिन्ही एकत्र आले की आग माणसाच्या पळण्याच्या वेगाने जाते, आणि एका फडात लागलेली आग बांधापाशी थांबत नाही. म्हणून पहिला आग्रह असा धरावा की ट्रॉली रिकामी करून, किंवा जॅक लावून तात्पुरती बांधून, रस्त्यावर अथवा नांगरलेल्या मोकळ्या रानात आणावी. मालकाला हे पटत नाही, मुकादमाला तर त्याहून पटत नाही, कारण टोळी थांबलेली असते आणि कारखान्यावर नंबर हुकतो. तरीही हा आग्रह धरणे कारागिराच्या हातात आहे, आणि माझ्या मते तो धरलाच पाहिजे.

ट्रॉली खरोखर हलतच नसेल, तर कामाच्या जागेपासून चारी बाजूंनी अकरा मीटरपर्यंत पाचट ओढून काढावे आणि जमीन पाण्याने भिजवावी. मात्र आपण स्वतः जिथे बसणार ती जागा कोरडी ठेवावी, त्याचे कारण पुढे येईलच. ट्रॉलीत ऊस असेल तर वेल्डिंगच्या जागेवर पत्रा आडवा लावावा. एका माणसाला दुसरे कोणतेही काम न देता केवळ ठिणग्यांवर लक्ष ठेवायला उभे करावे, कारण काळी काच लावलेल्या वेल्डरला रॉडच्या टोकापलीकडचे काहीच दिसत नसते. त्याच्याजवळ पाण्याच्या बादल्या आणि कोरड्या पावडरीचे अग्निशामक असावे. पाचटाला पाणी चालते, पेट्रोलला चालत नाही, पाण्यावर तरंगत पेट्रोल अधिकच पसरते. काम संपल्यावर यंत्र उचलून लगेच निघून जाऊ नये. पाचटाखाली शिरलेली ठिणगी बराच वेळ धुमसत राहते, म्हणून किमान अर्धा तास, आणि शक्य असेल तर तासभर, तिथेच थांबावे. तो वेळ मजुरीत धरावा.

आग केवळ आर्कमुळेच, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या विजेच्या ज्योतीमुळेच, लागते असे नाही. जनरेटरचा सायलेन्सर भारावर चालताना पाचट पेटवण्याइतका तापतो. यंत्र पाचटावर किंवा गवतावर ठेवू नये, मोकळ्या कोरड्या मातीवर सपाट ठेवावे, आणि सायलेन्सरच्या तोंडाशी ठिणगी अडवणारी जाळी शाबूत आहे हे हंगामाच्या सुरुवातीला पाहून घ्यावे. काजळीने ती जाळी चोंदली की इंजिन दम टाकते, म्हणून काहीजण ती काढूनच टाकतात. ती साफ करून परत बसवावी.

आता ट्रॉलीविषयी. चाक बसवलेले असताना रिमवर, डिस्कवर किंवा नटबोल्टच्या जागी वेल्डिंग किंवा गॅसची ज्योत कधीही लावू नये. रिम तापली की आतल्या रबराचे विघटन होऊन ज्वलनशील वायू तयार होतात, ते पेटले की टायरमधला दाब क्षणात अनेक पटींनी वाढतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. हवा काढून टाकली किंवा वॉल्व्हची पिन काढली म्हणजे धोका टळला, हा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. टायर रिमवरून पूर्ण उतरवल्याशिवाय धोका टळत नाही. स्फोट काम आटोपून सर्वजण चहाला बसल्यावरही होऊ शकतो, कारण आतली प्रक्रिया ज्योत विझली तरी चालू राहते. डंपिंग ट्रॉली असेल तर हायड्रॉलिक जॅक आणि त्याच्या नळ्यांपासूनही आर्क दूर ठेवावा. तापलेल्या नळीतून उडालेली तेलाची बारीक फवार सहज पेट घेते.

ट्रॅक्टर जोडलेला असेल तर ट्रॉलीचा हूक सोडवून ट्रॅक्टर पुढे न्यावा. ते शक्य नसल्यास बॅटरीच्या दोन्ही तारा, आधी ऋण आणि मग धन, काढून ठेवाव्यात. अन्यथा वेल्डिंगचा प्रवाह भलत्या वाटेने जाऊन अल्टरनेटर किंवा नव्या ट्रॅक्टरांतील इलेक्ट्रॉनिक भाग जाळू शकतो.

पेट्रोल भरण्याच्या बाबतीत घाई करू नये. इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटे गार होऊ द्यावे. पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशांच्या आसपासच्या थंडीतही पेट घेण्याइतकी तयार होते, मग आपल्याकडच्या मार्चमधल्या दुपारची गोष्टच सोडा. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर न जाता सरीतून, चारीतून जमिनीलगत वाहत जाते आणि दहा पावलांवर पडलेल्या तापलेल्या रॉडच्या तुकड्यापाशी पेटून उलट टाकीपर्यंत येते. डबा पिकअपच्या हौद्यात ठेवून तिथेच टाकी भरू नये, विशेषतः हौद्याला प्लॅस्टिकचे अस्तर असेल तर, कारण स्थिर विद्युत साठून ठिणगी पडू शकते. डबा जमिनीवर ठेवून भरावा, आणि टाकी काठोकाठ न भरता प्रसरणासाठी वरचा थोडा भाग रिकामा सोडावा.

प्रश्न : आमच्या मशीनला अर्थिंग आहे, तरीही पावसाळ्यात होल्डरला हात लागला की झिणझिण्या येतात. असे का व्हावे? जमिनीत सळई ठोकून वेगळे अर्थिंग करावे का? — विटा येथील वाचक

उत्तर : या प्रश्नाचे मूळ आपल्या बोलीत आहे. वेल्डिंगच्या दोन केबलींपैकी एकीला रॉड पकडणारा होल्डर असतो आणि दुसरीला जॉबला, म्हणजे जोडायच्या लोखंडाला, लावायचा चिमटा. या दुसऱ्या केबलीला आपण सर्रास ‘अर्थिंग’ म्हणतो. वस्तुतः तिचा जमिनीशी काही संबंध नाही. होल्डरमधून रॉडमध्ये आणि रॉडमधून जॉबमध्ये गेलेला प्रवाह यंत्राकडे परत नेणारी ती वाट आहे, म्हणून तिला परतीची केबल म्हणणे योग्य ठरेल. नाव चुकल्यामुळे मनात चुकीचा विश्वास बसतो की, चिमटा लावला म्हणजे माणूस सुरक्षित झाला. उलट चिमटा जॉबला लावला की जॉब आणि होल्डर यांच्यामध्ये यंत्राचे पूर्ण व्होल्टेज उभे राहते. आर्क चालू नसताना, म्हणजे रॉड बदलताना, ते ६० ते ८० व्होल्टच्या आसपास असते, तर आर्क चालू असताना ते २० ते ३० वर येते. सर्वात जास्त व्होल्टेज नेमके त्या क्षणी असते, ज्या क्षणी आपण निर्धास्तपणे हातमोजा काढून नवा रॉड लावतो.

घरातल्या २३० व्होल्टच्या तुलनेत ७० व्होल्ट किरकोळ वाटतात. कोरड्या कातडीला ते किरकोळ असतीलही, परंतु घामाने किंवा पावसाने भिजलेल्या कातडीचा रोध इतका कमी होतो की तेवढेच व्होल्टेज हाताचे स्नायू आखडायला पुरते, आणि मग होल्डर सोडू म्हटले तरी सुटत नाही. उमेदवारीच्या काळात मी स्वतः ओल्या पत्र्यावर गुडघा टेकून रॉड बदलताना असा झटका खाल्ला आहे. मागे उभ्या असलेल्या मिस्त्रींनी मशीन बंद केले म्हणून आज हे सदर लिहितो आहे. तेव्हापासून बसायला कोरडी फळी किंवा रबरी चटई, पायात रबरी तळव्याचे कोरडे बूट आणि हातात न फाटलेले चामड्याचे कोरडे हातमोजे यांखेरीज मी काम केलेले नाही. हातमोज्यांचे दोन जोड न्यावेत. एक घामाने भिजला की दुसरा घालावा. आपल्या होल्डरचे इन्सुलेशन तडकले असणार असे झिणझिण्यांवरून दिसते. त्याला चिकटपट्टी गुंडाळू नका, होल्डर बदला. दुरुस्त करण्याइतकी ती महाग वस्तू नाही.

परतीचा चिमटा वेल्डिंगच्या जागेजवळ, रंग आणि गंज घासून उघड्या केलेल्या लोखंडावर लावावा. तो दूरच्या चाकाला किंवा हबला लावला तर प्रवाह बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांवर बारीक खड्डे पडतात. ते बेअरिंग महिन्याभरात गेले की दोष मात्र ग्रीसला दिला जातो.

सळईविषयी. ग्राइंडर किंवा ड्रिल यंत्राच्याच सॉकेटमधून चालवायचे असेल, तर बहुतेक अशा सुट्या जनरेटरना जमिनीत सळई ठोकण्याची गरज निर्मात्याने सांगितलेली नसते. आपल्या यंत्रासोबतची पुस्तिका काय सांगते ते पाहावे आणि तिच्याप्रमाणे करावे. यंत्र एखाद्या इमारतीच्या वायरिंगला जोडायचे असेल तेव्हा मात्र पक्के अर्थिंग लागतेच. आणखी एक बारकावा असा की, यंत्राचा न्यूट्रल त्याच्या सांगाड्याला जोडलेला नसेल तर ३० मिलिॲम्पिअरवर तुटणारा आरसीसीबी, म्हणजे प्रवाहाची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, लावूनही तो वेळेवर तुटेलच अशी खात्री राहत नाही. हे तपासण्याचे काम परवानाधारक वायरमनचे आहे.

झटका लागून माणूस चिकटलेला असेल तर त्याला हात लावू नये. इंजिनचा स्विच बंद करावा, १०८ ला फोन करावा, आणि श्वास थांबला असेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत छातीवर दाब देत राहावे.

प्रश्न : लोडशेडिंगच्या वेळी हाच जनरेटर घराच्या सॉकेटला दोन्हीकडे पिन असलेल्या वायरने जोडला तर घरातले दिवे आणि मोटर चालेल का?

उत्तर : चालेल, आणि म्हणूनच ते करू नये. आपली वीज मीटरमधून उलट बाहेर जाते, गावाच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये उलट्या दिशेने चढून हजारो व्होल्टची होते आणि लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या महावितरणच्या कर्मचाऱ्याच्या हातात जाते. शिवाय दुसऱ्या टोकाची पिन उघडी आणि जिवंत असते. घराला वीज द्यायचीच असेल तर चेंजओव्हर स्विच, म्हणजे बाहेरची लाइन तोडूनच जनरेटर जोडणारा स्विच, बसवून घ्यावा. तो बसवला तरी वेल्डिंग चालू असताना घराचा भार टाकू नये. इंजिनाची ताकद दोघांत वाटली जाते, रॉड टेकवताच व्होल्टेज खाली येते आणि त्याचा फटका मोटरला किंवा फ्रिजला बसतो.

प्रश्न : पंपावर आता बाटलीत पेट्रोल देत नाहीत. जनरेटरसाठी पेट्रोल न्यायचे कसे आणि किती साठवता येते? गेल्या हंगामातले शिल्लक पेट्रोल वापरावे का?

उत्तर : पंपचालकांचे बरोबर आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार, विक्रीसाठी नसलेले पेट्रोल एका व्यक्तीला स्वतःजवळ एकूण ३० लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येते, परंतु ते घट्ट झाकणाच्या भांड्यात असले पाहिजे, आणि धातूचे भांडे २५ लिटरपेक्षा मोठे असता कामा नये. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या प्लॅस्टिक बाटलीला या व्यवस्थेत जागा नाही. तेरा अश्वशक्तीच्या आसपासचे इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण तीन ते चार लिटर पेट्रोल घेते, त्यामुळे एक धातूचा डबा दिवसाच्या कामाला सहसा पुरतो. तो चालत्या यंत्राजवळ नव्हे, तर कामाच्या जागेपासून दूर सावलीत ठेवावा.

शिल्लक पेट्रोल वापरू नये. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ज्या उसाच्या ट्रॉल्या आपण दुरुस्त करतो, त्याच उसापासून ते बनलेले असण्याचा चांगलाच संभव आहे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, पाणी जास्त झाले की ते पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते आणि कार्बोरेटर गंजतो. हंगाम संपला की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावे आणि टाकी रिकामी करावी. रबरी नळी फुगलेली, मऊ झालेली किंवा तडकलेली दिसली तर ती आधी बदलावी. गळकी नळी आणि तापलेला सायलेन्सर एकमेकांपासून वीतभर अंतरावर असतात.

प्रश्न : माझा मुलगा पलूसजवळ एका वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून लागला आहे. मधूनमधून रात्री त्याच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते आणि पाणी वाहते. मिस्त्री म्हणतात की बटाट्याचे काप ठेवा. एकदा जीआय पाइपचे काम करून आल्यावर त्याला थंडी वाजून तापही आला होता. हे काम त्याने सोडावे का?

उत्तर : ताई, काम सोडण्याची गरज नाही, कामाची पद्धत बदलण्याची आहे. आर्कच्या प्रकाशातील अतिनील किरणांनी बुबुळाच्या पृष्ठभागाला उन्हाने भाजावे तसे भाजते, आणि त्याच्या वेदना सहा ते बारा तासांनी, म्हणजे बहुधा मध्यरात्री, सुरू होतात. बटाट्याने थोडे गार वाटते, परंतु कच्च्या कापामुळे जंतुसंसर्ग होऊ शकतो. स्वच्छ ओल्या कापडाची घडी बंद पापण्यांवर ठेवावी आणि सकाळी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. बधिर करणारे थेंब परस्पर आणून घालू नयेत, त्यांनी जखम भरणे लांबते. शिकाऊ मुलाला हा त्रास बहुतेक वेळा स्वतः वेल्डिंग केल्याने होत नाही. दुसऱ्याचा जॉब धरून तो शेजारी उभा असतो, ‘डोळे मीट’ एवढेच त्याला सांगितलेले असते, आणि पापणी वेळेवर मिटत नाही. त्याला स्वतःचे हेल्मेट हवे. साध्या रॉडच्या कामाला दहा किंवा अकरा नंबरची काच लागते. काळा गॉगल तिची जागा घेऊ शकत नाही. कडेने बघणाऱ्यांसाठीही पडदा लावावा. फडात किंवा रस्त्यावर काम चालले की लहान मुले भोवती गोळा होतात, त्यांना दूर पाठवावे.

जीआय पाइपवर जस्ताचा थर असतो. तो जळून निघणारा पांढरा धूर श्वासातून गेला की चार ते दहा तासांनी थंडी-ताप येतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. दूध किंवा गूळ खाल्ल्याने तो टळत नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंचा जस्ताचा थर ग्राइंडरने घासून काढावा, वाऱ्याच्या दिशेला पाठ न करता धूर आडवा निघून जाईल असे बसावे आणि धातूच्या धुरासाठी असलेला मास्क वापरावा, कारण रुमाल तो धूर अडवत नाही. ताप आला असताना दम लागत असेल तर मात्र थांबू नये, रुग्णालयात न्यावे. भाजल्यास जखमेवर वीस मिनिटे वाहते पाणी सोडावे. आपल्या सांगलीची हळद कितीही नामांकित असली तरी ताज्या भाजलेल्या जखमेवर ती लावू नये.

प्रश्न : कराडहून पाचगणीला एका बंगल्याच्या गेटच्या कामासाठी जनरेटर नेला. इकडे आठ नंबरचा रॉड सहज जळतो, तिथे यंत्र दम टाकत होते, काळा धूर सोडत होते आणि उतारावर ठेवल्यावर दोनदा आपोआप बंद पडले. गव्हर्नरची स्प्रिंग ताणून घ्यावी का?

उत्तर : गव्हर्नर हा इंजिनाचे फेरे कायम राखणारा भाग आहे, त्याच्या स्प्रिंगला हात लावू नये. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेसाठी दोन ध्रुवांचा अल्टरनेटर मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर चालतो. फेरे वाढवले की व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही बिघडतात, सॉकेटला लावलेला ग्राइंडर जळतो आणि इंजिनाचे आयुष्य कमी होते. दम टाकण्याचे कारण हवेत आहे. उंची वाढली की हवा विरळ होते, आणि साध्या इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला सुमारे साडेतीन टक्क्यांनी घटते. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटरवर आहे आणि कराड साडेपाचशेच्या थोडे वर, म्हणजे आपल्या नेहमीच्या ताकदीतून तिथे आठ-नऊ टक्के गेले. हवा कमी आणि पेट्रोल तेवढेच, म्हणून काळा धूर. तिथे वारंवार काम असेल तर कार्बोरेटरमध्ये उंचीसाठीचा लहान जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, बसवून घ्यावा आणि खाली आल्यावर तो बदलावा, नाहीतर इंजिन तापेल. एरवी आधी एअर फिल्टर साफ आहे का ते पाहावे. गेटच्या कामाला तसाही आठ नंबरचा, म्हणजे ४ मिलिमीटरचा रॉड कशाला हवा? दहा नंबरचा ३.१५ मिलिमीटरचा रॉड १०० ते १३० ॲम्पिअरवर तेच काम करील आणि इंजिनालाही झेपेल.

उतारावर यंत्र आपोआप बंद पडले, तो बिघाड नव्हे. ऑइल एका बाजूला गेले की कमी ऑइल ओळखणारा सेन्सर इंजिन थांबवतो. काही कारागीर त्याची वायर तोडून यंत्र चालू ठेवतात आणि मग क्रँक जाम झालेले इंजिन घेऊन येतात. दगड लावून जागा सपाट करावी, चाके अडवावीत, पाच मिनिटे थांबून डिपस्टिकने पातळी पाहावी. नव्या यंत्राचे ऑइल साधारणपणे पहिल्या २० तासांनी आणि त्यानंतर दर १०० तासांनी बदलायचे असते. आपण पत्रात यंत्र घेऊन दोन वर्षे झाल्याचे लिहिले आहे, ऑइल किती वेळा बदलले ते लिहिलेले नाही. पाचगणीला पुन्हा जाण्यापूर्वी ते बदलून घ्यावे, आणि बंद करताना यंत्र दोन-तीन मिनिटे भाराशिवाय चालवून मगच स्विच बंद करावा.